लाल दोऱ्याचा कट्टा

पत्र्याच्या डब्याचं झाकण बसल्याचा आवाज झाला. टप्प. एवढाच. पण घरात सकाळपासून कोणी धड बोललेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या मांडीवर पेंगणारी समू दचकून उठली.

"झाला माझा," आत्याबाई म्हणाल्या आणि मांडीवरचं सूप खाली ठेवून त्यांनी लुगड्यावरची तंबाखू झटकली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, ठकूबाई गोजरे. नगरपरिषदेच्या निवडणुकीचे अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता. त्यांचा अर्ज आदल्या दिवशीच भरून झाला होता, पक्षाचा एबी फॉर्म तेवढा यायचा होता. एबी फॉर्म म्हणजे पक्षानं निवडणूक अधिकाऱ्याला लिहून दिलेलं, की ही बाई आमची उमेदवार, हिला आमची निशाणी द्या. त्याच्यावर शाईची सही लागते आणि तो तीनच्या आत पोचावा लागतो. तो आणायला माझा नवरा, कैलास, पहाटेच नाशिकला गेला होता. आणि अशा दिवशीसुद्धा आत्याबाई विड्या वळायला बसल्या होत्या. रोजच्या हजार नाही. फक्त पक्षाचा कट्टा.

आमच्या गल्लीत घरोघर विड्या वळतात. विडीच्या शेठच्या ब्रँचमधून हजार विड्यांची पानं आणि तंबाखू तोलून मिळते, वळून झालं की पोचत्या करायच्या. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. जुन्या बायकांचा हात असा की कात्री पानावर फिरताना कडेकडेनं थोडं पान वाचतंच. त्या वाचलेल्या पानातून रोज एक कट्टा जास्तीचा वळायचा, त्याला पांढऱ्याऐवजी लाल दोरा बांधायचा आणि घरातल्या डब्यात टाकायचा. शनिवारी गल्लीतले डबे गोळा होत, माल टपऱ्यांवर जाई आणि पैसे पक्षाच्या गल्ल्यात. पक्ष म्हणजे नवश्रमिक पक्ष. तुम्ही नाव ऐकलं नसेल. तो दोन-तीन तालुक्यांत होता आणि मुंबईतल्या एका खोलीत. निशाणी सूप, विडी वळताना मांडीवर असतं तेच.

"शेठच्या पानांवर शेठच्या विरोधातला पक्ष चालतो," असं कैलास गमतीनं म्हणायचा. आत्याबाईंना ती गंमत वाटायची नाही.

"पान वाचवलं कोनी? आमच्या कात्रीनं. मग ते आमचं."

मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात चहा-साखर कुठे ठेवतात ते मला नंतर कळलं, लाल दोऱ्याची गाठ आधी शिकवली गेली.

"ठके, आला का गं तुझा लेक?" शेजारच्या हौसाबाईनं दारातूनच विचारलं.

"येईल."

"येईल काय येईल! दीड वाजून गेला. नि तू बसली विड्या वळत. उद्या नगरसेवक झाली म्हंजी मीटिंगीत बी सूप घेऊन बसशील का?"

"बसंन की. त्यांची भाषनं व्हईस्तोवर माझ्या पाचशे व्हतील."

हौसाबाई हसत हसत उंबऱ्यावर टेकली. समूनं डोळे चोळत विचारलं, "आजी, मशीनवर तुझा फोटो असणार?"

"माझा कशाला? सूप असनार. सूप म्हंजी मीच."

हे त्या नुसतं नातीला समजवायला म्हणत नव्हत्या. पक्ष दर निवडणुकीला कुणीतरी पुरुष उभा करायचा आणि तो दर निवडणुकीला पडायचा. दारोदार फिरायच्या मात्र बायका, आणि त्यांच्या पुढे आत्याबाई. वीसेक वर्षं त्या एकच गोष्ट शिकवत आल्या होत्या: नाव वाचता येत नसंल तर राहू द्या, सूप बघा नि दाबा. त्यांच्या उखाण्यासारखी एक ओळच होती, "फोल उडवा, दाणा ठेवा, सुपाचं बटन दाबा!" मागच्या निवडणुकीला ती त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून रिक्षावर वाजवली होती. आता पहिल्यांदाच आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला होता, आणि लाल दोऱ्यांचा सगळा पैसा बायकांनी एवढ्यासाठीच राखून ठेवला होता, की कधीतरी आपल्यातली एक उभी राहील.

त्या पैशावरून पंधरवड्याआधी आमच्याच घरात भांडण झालं होतं. धोंगडे सर आले होते, पक्षाचे जिल्हाध्यक्ष. शाळेतून निवृत्त झालेले, खादीचा झब्बा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच शहाणे वाटावं. चटईवर गल्लीतल्या बायका, खुर्चीवर सर, आणि दाराला टेकून कैलास. तो तालुक्याचा खजिनदार.

"मुंबईवाले म्हणतात, नाशिकवाले पैसे खातात," सर म्हणाले. "मी म्हणतो, मुंबईवाले तिकिटं विकतात. आता ते मला काढायला बसलेत. उद्या या भांडणात निवडणूक आयोगानं आपली निशाणी गोठवली, तर तुम्ही लढणार कशावर? वकील द्यावा लागेल. नाशिकचं ऑफिस वाचवावं लागेल. म्हणून म्हणतो, गल्ला जिल्ह्याकडे जमा करा. पक्ष म्हणजे कुटुंब. कुटुंबात कुणाचा डबा वेगळा असतो का?"

"असतो की सर," आत्याबाई म्हणाल्या. "बाईचा असतो. डाळीच्या डब्यात, तळाला."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सरही हसले, पण त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ठकूबाई, माझ्यावर विश्वास नाही का?"

"हाये ना. म्हनून तर घरात बसवून बोलते. नसता तर चौकात बोलले असते. पैसे देते. पन माझ्या नावाचा फॉर्म एका हातानं द्या, पैसे दुसऱ्या हातानं घ्या."

"आई, सरांशी असं बोलतात का?" कैलास म्हणाला.

"मग कसं बोलतात? तू शिकीव."

सर गेल्यावर कैलास बराच वेळ दारातच उभा होता. मला वाटलं, त्याला आईचा राग आलाय.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी पहाटे नाशिकला निघताना त्यानं पैसे मागितले, तेव्हा मात्र आत्याबाईंनी काही अट घातली नाही. नोटांचं पुडकं जुन्या चोळीच्या खणात बांधून त्याच्या पिशवीत ठेवलं. मी म्हटलं, "आत्याबाई, एका हातानं, दुसऱ्या हातानं म्हणाला होतात."

"लेकाच्या हातात दिले म्हंजी माझ्याच हातात हायेत," त्या म्हणाल्या.

दोन वाजून गेले तरी कैलासचा फोन लागत नव्हता. आत्याबाईंनी उठून तोंड धुतलं, ट्रंकेतली हिरवी इरकल नेसल्या. "चल गं प्रणिते. तो तिकडंच आला असंल परभारे." मी समूला कडेवर घेतलं. हौसाबाई म्हणाली, "मी येते की," पण तिच्या हजाराची वेळ होती, ब्रँच चारला बंद व्हायची. ती राहिली.

नगरपरिषदेसमोर बांबू बांधले होते, पोलीस होते, हलगी वाजत होती. आम्ही गर्दीच्या कडेला उभ्या राहिलो. सरांची पांढरी गाडी आली तेव्हा आत्याबाईंनी पदर सारखा केला. गाडीतून आधी सर उतरले. मग शोभाताई लहामगे, आमच्या ब्रँचवाल्या लहामगे शेठची बायको. शेवटी कैलास, हातात फाइल.

लहामगे शेठ कोण ते सांगते. आमच्या गल्लीच्या विड्या त्याच्या ब्रँचला जातात. तिथं चेकर बसतो, कट्ट्यातून विड्या काढून बाजूला टाकतो. ही वाकडी, ही सैल. त्याला छाट म्हणतात. छाटलेल्या विडीची मजुरी नाही. पण ती बाईला परतही मिळत नाही. ती शेठकडेच राहते आणि कुठेतरी विकली जाते. या छाटीवरून आत्याबाईंनी मोर्चा काढला होता, तेव्हा लहामगेनं आमच्या घराला तीन आठवडे पान दिलं नव्हतं.

"पप्पा!" समू ओरडली.

कैलासनं वर पाहिलं. फाइल त्यानं छातीशी धरली, शाळेतली मुलं धरतात तशी. मग तो आमच्याकडे आला.

"आनला?" आत्याबाईंनी विचारलं.

"आई, तू घरी जा. मी येऊन सगळं सांगतो."

"आनला का नाय, येवढंच इचारते."

"आणलाय."

"दे मग."

त्यानं वळून सरांकडे पाहिलं. सरच पुढे आले. "ठकूबाई, पक्षानं एक निर्णय घेतलाय. शोभाताईंसारखी माणसं आपल्यात येतायत. याच्यानं पक्ष वाढेल. तुमचा त्याग पक्ष विसरणार नाही."

"त्याग मी कवा केला, सर? मला तर आत्ता कळतंय."

"आई, हळू बोल," कैलास म्हणाला.

शोभाताई बाईमाणूस चांगली. म्हणजे तिला खरंच काही माहीत नसावं, किंवा माहीत असूनही चांगलं वागायची सवय असावी. "मावशी, तुमचाच आशीर्वाद पाहिजे बघा," म्हणत ती सगळ्यांदेखत वाकली. आत्याबाईंनी पाय मागं घेतले.

"ऱ्हाऊ द्या. पायाला तंबाखू लागलीये."

कैलास त्या दोघांच्या मागोमाग पायऱ्या चढून आत गेला. थोड्या वेळानं शिपायानं दार ओढून घेतलं. तीन वाजले होते.

परत येताना आत्याबाई माझ्या पुढे चालत होत्या. पिंपळापाशी थांबल्या, मला वाटलं दम लागला. म्हणाल्या, "छाट केली गं आपली. नि छाटलेली विडी बी ते फेकत नाय. इकतात."

कैलास दिवेलागणीला आला. मी समूला वरण-भात भरवत होते. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, सूप शेजारी. तो चपला काढून दारातच उकिडवा बसला, पाहुण्यासारखा.

"मागच्या निवडणुकीला पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं," तो म्हणाला. "छपाई, रिक्षा, ऑफिसचं भाडं. पक्षाच्या नावावर कर्ज मिळत नाही. सर म्हणाले, खजिनदाराच्या नावावर काढू, पक्ष फेडेल."

"फेडलं?"

"नाही. मुंबई म्हणायची नाशिकनं फेडावं, नाशिक म्हणायचं मुंबईनं."

"मग?"

"तारण घर आहे." तो जमिनीकडे बघत होता. "तू अंगठा दिला होतास. सभासद नोंदणीचे कागद म्हणून."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. समूनं तोंड उघडून वाट पाहिली आणि मग स्वतःच माझा हात ओढला.

"जप्तीची नोटीस आलीये. महिना झाला. मी दाखवली नाही. लहामगे शेठनं आज सकाळी सगळं भरलं. कागद सुटले, आई. घर सुटलं." त्यानं पिशवीतून एक पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. आत्याबाईंनी त्याला हात लावला नाही.

"नि आमचे पैसे? लाल दोऱ्याचे?"

"ते सरांनी ठेवून घेतले. पक्षनिधी म्हणून."

"म्हंजी माझं तिकीट मी इकत घेतलं, नि त्याच तिकिटाचे तुमी पुन्हा पैसे केले."

"आई, मी काय करू शकत होतो? रस्त्यावर आलो असतो आपण. समू..."

"घर कोनाचं?"

"तुझं."

"मग ते ठेवायचं का जाऊ द्यायचं, हे मला का नाय इचारलं?"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

आत्याबाईंनी सूप ओढून मांडीवर घेतलं. पान चाचपलं, कात्री उचलली.

"ते आता तुला कधीच नाय कळनार," त्या म्हणाल्या.

मला त्या दिवशी नक्की कोणाचा राग आला होता, हे मला पुष्कळ दिवस ठरवता आलं नाही. कैलासवर धड चिडता येईना. घर सुटल्याचं ऐकलं तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला होता, हे मी कोणापासून लपवू? ज्या छपरासाठी ते सगळं झालं, त्याच छपराखाली बसून मी हे लिहितेय. समूचा धाकटा भाऊ पाळण्यात आहे, आणि पावसाळ्यात छप्पर अजूनही एका कोपऱ्यात गळतं.

आत्याबाईंनी अर्ज मागे घेतला नाही. सर दोनदा येऊन गेले, एकदा पेढे घेऊन, एकदा धमकी घेऊन. त्या म्हणाल्या, "फॉर्म तुमचा होता, तो तुमी नेला. अर्ज माझाय." अपक्ष म्हणून त्यांना निशाणी मिळाली कपाट.

"घरात कपाट नाय नि निशानी कपाट!" हौसाबाईनं कपाळावर हात मारला. "ट्रंक तरी मागायची."

"निवडून आले तर घेऊ येक," आत्याबाई म्हणाल्या.

मग आम्ही गल्लोगल्ली हिंडलो. पैसा नव्हता, पत्रकं नव्हती. समूच्या चित्रकलेच्या वहीत मी कपाट काढायचे, आत्याबाई पान फाडून ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या. "या टायमाला सूप नाय बरं का. कपाट." बायका माना डोलवायच्या, चहा द्यायच्या, पैशांचं काय झालं ते विचारायच्या. त्याचं उत्तर आत्याबाई खरं द्यायच्या. "गेले," म्हणायच्या. "माझ्या लेकाच्या हातून गेले." एकीनं तोंडावर दार लावलं. बाकीच्यांनी नाही लावलं, पण चहात साखर कमी झाली.

कैलास सकाळीच जायचा आणि उशिरा यायचा. तो कुणाचा प्रचार करतोय हे घरात कुणी विचारलं नाही. त्यानं एवढंच केलं की आमच्या गल्लीत तो शोभाताईंच्या माणसांबरोबर कधी आला नाही. रिक्षा मात्र आली.

मी दाराशी भांडी घासत होते. लांबून कर्णा ऐकू आला आणि समू आतून पळत आली. "आई, आजी रिक्षात बोलतेय!"

"फोल उडवा, दाणा ठेवा, सुपाचं बटन दाबा! आपली निशानी, सूप!"

आत्याबाईंचाच आवाज. मागच्या निवडणुकीचा, थोडा तरणा. रिक्षाला दोन्ही बाजूंनी शोभाताईंचे फोटो आणि मध्ये हे मोठं सूप. आत्याबाई हातात कात्री तशीच घेऊन गल्लीत उतरल्या आणि रिक्षापुढे उभ्या राहिल्या.

"बंद कर रे बाबा. माझा आवाज हाय तो."

रिक्षावाला वाजवायचं थांबवून खाली वाकला. कोवळा होता, ओशाळलाही. "मावशी, मला रोजावर लावलंय. ही गल्ली नि ती गल्ली, दिसातून चार फेऱ्या. आवाज कुनाचा ते नाय सांगितलं मला."

"मग आता मी सांगते ना."

"तुमी सांगता. पन पैसे ते देतात."

आत्याबाईंनी कात्री मिटली. त्या बाजूला झाल्या. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या स्वतःला ऐकत राहिल्या.

रात्री मी कैलासला विचारलं. तो म्हणाला, "ऑफिसात जुना पेन ड्राइव्ह होता. मी दिला नाही त्यांना."

"वाजवू नका म्हणालात?"

त्यानं कूस बदलली.

मतदानाच्या दिवशी आमच्या केंद्रावर, मराठी शाळेत, बायकांची रांग फाटकाबाहेर आली होती. मी लवकर मत देऊन घेतलं आणि फाटकापाशी समूला घेऊन थांबले. आत्याबाई निवांत आल्या. उमेदवार असूनही रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या बायका म्हणत होत्या, "जा गं ठकूबाई पुढं," तर म्हणाल्या, "मला कुठं घाई हाये?"

तेवढ्यात हौसाबाई बाहेर आली. शाई लागलेलं बोट वर धरून, लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखी तृप्त.

"दिलं गं ठके तुला!" ती कानाशी आली, पण तिचं कानाशी बोलणं फाटकापर्यंत ऐकू येतं. "चश्मा इसरले घरी. पन रिक्षात तूच रोज सूप म्हनत व्हतीस, म्या म्हनलं कपाट सुटलं नि सूप परत मिळालं, नि सूप तर मला आंधारात बी दिसंल. दाबलं!"

मी तोंड उघडलं. आत्याबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं केलंस, हौसे," त्या म्हणाल्या.

"ही रांगंतली समदी तुझीच हायेत बघ. मी समद्यांना सांगितलं, ती रिक्षात रोज येवढी घसा फोडून सांगती, तिचा शब्द मोडू नका."

मी पुढच्या दोघींना हळूच म्हटलं, "अहो, कपाट. कपाट आहे आपलं." त्यातली एक माझ्याकडे संशयानं बघायला लागली. "कपाट कशाला? ठकूबाईच तर म्हन्ती सूप." "त्या तुमच्या मागं उभ्या आहेत, विचारा त्यांना," मी म्हणाले, तर पोलिसानं काठी आपटली. "ओ ताई, प्रचार बंद. फाटकाच्या बाहेर व्हा."

मी मागं वळून आत्याबाईंकडे पाहिलं. एकदा त्यांनी मान हलवली असती, एक शब्द बोलल्या असत्या, तर त्या दोघींना कळलं असतं. त्या पुढे बघत उभ्या होत्या. त्यांना नियम मोडायचा नव्हता, की वीस वर्षं शिकवलेलं एका मिनिटात पुसायचं नव्हतं, कोण जाणे.

त्यांचा नंबर आला तेव्हा समू हात सोडवून त्यांच्याकडे पळाली. "आजी, मला मशीन बघायचंय." दारातला माणूस म्हणाला, "राहू द्या, लहान आहे." दोघी आत गेल्या. आतून मशीनचा लांब आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा समू गप्प होती. मला वाटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली. शोभाताई निवडून आल्या. फार मोठ्या फरकानं नाही. आमच्या दोन गल्ल्या तरी कपाटाकडे आल्या असत्या, तर वेगळं झालं असतं. पण आमच्याच दोन गल्ल्यांनी त्यांना तारलं. मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. हौसाबाई हलगीच्या आवाजानं दारात आली, तिनं ट्रॅक्टरवर कोण उभं आहे ते पाहिलं, मग आमच्या दाराकडे पाहिलं. तिला तेव्हा कळलं. ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही. तिच्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटल्याचा धूर दिसला नाही.

कैलास संध्याकाळी घरी आला. दारात येण्याआधी त्यानं नळावर डोकं धुतलं होतं, तरी कानामागं गुलाल राहिला होता. मी टॉवेल दिला. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, तो त्यानं कुठे ठेवावा ते न कळून पाण्याच्या पिंपावर ठेवला.

"आई, तू निदान..." तो म्हणाला.

"हात-पाय धू. जेवून घे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा हजार संपत आला होता. पांढऱ्या दोऱ्याचे कट्टे पाटीत रचून झाले. मला वाटलं, आता उठतील. त्या उठल्या नाहीत. सुपाच्या कडेला वाचवलेली पानं होती, ती त्यांनी पुढं ओढली. एकेक विडी वळून दुमडून ठेवली. मग दारामागच्या खुंटीवरची रिळं चाचपली, आणि लाल काढलं.

कैलास ताटावर बसला होता, त्याचा घास थांबला.  डब्याचं झाकण उघडलं, कट्टा पडला, झाकण बसलं. टप्प.

समू इतका वेळ त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. ती उठून माझ्याकडे चुलीपाशी आली आणि माझी मान खाली ओढून कानात बोलू लागली. तिच्या तोंडाला पेढ्याचा वास येत होता, कधी घेतला कोण जाणे.

"आई, सांगू? काल आजीनं कपाट नाही दाबलं."

"हळू बोल."

"सूप दाबलं. मी बघितलं. लाल लाइट लागला. आधी बोट कपाटावर होतं, मग आजी थांबली, खूप वेळ थांबली, आणि मग सूप."

मी भाकरी तव्यावर उलटली. बाहेरच्या खोलीत आत्याबाई कात्री पुसत होत्या, तिचा बारीक आवाज येत होता.

"आई," समूनं माझा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला. "आजीनं आजीला का नाही दिलं?"